वैयक्तिक कारणास्तव

बाई, तुम्हाला एका शब्दाबद्दल सांगायचं आहे. तो मी तुमच्याच स्वयंपाकघरात शिकले. टेबलावर फुलाफुलांचं मेणकापड, गॅसवर कुकर, आम्ही पाच मुली वह्या उघडून बसलेल्या, आणि तुम्ही घेवडा मोडता मोडता आमच्याकडून जपानी कंपन्यांची पत्रं वाचून घेताय. राजीनाम्याचं पत्र आलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "इश्शिन्जो नो त्सुगो. वैयक्तिक कारणास्तव. जपानी माणूस नोकरी सोडताना एवढंच लिहितो, बाकीचं पोटात ठेवतो." मी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्याच टेबलावर एकदा तुम्ही मला झापलंतही. पत्रात त्या लोकांनी 'यावर विचार करू' असं लिहिलं होतं आणि मी मराठीत 'यावर अवश्य विचार करू' असं केलं होतं. तुम्ही वही माझ्याकडे सरकवलीत. "अगं, ते नाही म्हणालेत. आता हा माणूस वाट बघत बसेल त्यांची. गोड करायला हलवाई आहेत, दुभाषी कशाला हवा?" बाकीच्या चौघी हसल्या. मी घरी जाईपर्यंत सायकलवर रडत होते. तुम्ही तरुणपणी जपानात सेंदाईला शिकायला होतात, तिथल्या थंडीत तुमच्यातला ओलावा गोठला, असं आम्ही तुमच्या मागे म्हणायचो. तेही आज सांगून टाकते.

तुमच्या शिकवणीमुळेच मी तोक्योला पोचले. ते दिवसच तसे होते. पुण्यात प्रोग्रॅमिंगबरोबर थोडं जपानी येणाऱ्या माणसाला कंपन्या शोधत यायच्या. तिथल्या कोतो भागात नदीकाठच्या एका इमारतीत आमचं ऑफिस होतं. कार्डावर माझा हुद्दा 'ब्रिज इंजिनिअर' असा होता, म्हणजे इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगणारी. आपल्याकडची पंधरा-सोळा मुलं तिथे कोड लिहायची. त्यांतला एक नाशिकचा होता. बायको आणि चार वर्षांची मुलगी घेऊन आला होता. त्याला कामापुरतं इंग्रजी आणि दुकानापुरतं जपानी यायचं, मुलगी मात्र पाळणाघरात जाऊन आईबापाला जपानीतच उत्तरं द्यायला लागली होती. मी एकटी राहायचे. मला फ्लू झाला तेव्हा त्याची बायको सायकलच्या बास्केटमध्ये डबा ठेवून तीन दिवस मऊ भात घेऊन येत होती. "ताई, मेतकूट संपलंय, लोणच्याशी खा," म्हणायची आणि उंबऱ्यातूनच परत जायची.

मग जगभर मंदी आली आणि आमच्या मोठ्या ग्राहकाने एका आठवड्यात सगळं काम काढून घेतलं. एका गुरुवारी दुपारी अकरा जणांना मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि मला दुभाषी म्हणून. प्रत्येकाच्या समोर थंडगार चहाची बाटली, खाली कागदी चकती, बाजूला कोरा कागद, पेन आणि एक छापील नमुना. एचआरचा प्रमुख वाकला, चांगला चार सेकंद वाकून राहिला, आणि म्हणाला की परिस्थिती फार दुःखद आहे, सर्वांनी या नमुन्याप्रमाणे स्वतःच्या हाताने एक पत्र लिहून द्यावं, म्हणजे पुढची नोकरी मिळताना रेकॉर्डवर डाग राहणार नाही. मी नमुना पाहिला. पहिल्याच ओळीत तो शब्द. मी त्याला हळूच विचारलं, "पण हे लोक स्वतःहून कुठे सोडताहेत?" तो हसला. "ही नुसती पद्धत आहे. खरं कारण आम्ही सरकारी कागदावर लिहूच. तुम्हाला तर आपली पद्धत कळते." 'आपली' म्हणाला तो, बाई. आणि मला, काय सांगू, ते ऐकून बरं वाटलं. त्या अकरा जणांच्या नाही, त्याच्या बाजूला मी बसले आहे, असं वाटलं.

मी मुलांकडे वळले आणि म्हणाले, "राजीनाम्याचा फॉरमॅट आहे. फॉर्मॅलिटी. सगळे देतात." नाशिकच्याने विचारलं, "नक्की ना? मला तर यातलं एक अक्षर कळत नाहीये." मी म्हणाले, "नक्की." मग तो लिहायला बसला. त्याला कांजी, ती जपानी चित्राक्षरं, लिहिता येत नव्हती. नमुन्याकडे बघून एकेक रेघ तो रांगोळीचे ठिपके जोडावेत तशी काढत होता. जीभ ओठांवर आलेली. पूर्ण झाल्यावर त्याने कागद उचलून मला दाखवला. "बरं जमलंय ना?" मी म्हणाले, "छान जमलंय." अक्षर खरंच छान होतं.

तुमच्या वेळी हे सगळं कसं होतं मला ठाऊक नाही, म्हणून थोडं समजावून सांगते. इथे प्रत्येकाच्या पगारातून बेकारीच्या विम्याचा हप्ता कापतात. नोकरी गेली की कंपनीने 'रिशोकुह्यो' द्यायचा असतो, म्हणजे नोकरी सुटल्याचा दाखला. तो घेऊन सरकारी रोजगार कचेरीत जायचं, नाव नोंदवायचं, दर चार आठवड्यांनी हजर राहून काम शोधतो आहे हे दाखवायचं, की भत्ता सुरू होतो. सगळं त्या दाखल्यावरच्या एका चौकटीवर अवलंबून. कंपनीने काढलं असेल तर आठवडाभर थांबून भत्ता लागू होतो. स्वतःहून सोडली असेल तर आणखी तीन महिने काही नाही. आणि तोवर देश सोडला तर हक्कच संपला. हे मला त्या गुरुवारी माहीत नव्हतं. पण तो शब्द खोटा आहे एवढं माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

दाखला दहा-बारा दिवसांत यायला हवा होता. पाच आठवडे आला नाही. मी एचआरला विचारलं की उत्तर यायचं, "तयार होतोय." दरम्यान कंपनीची घरं महिन्याभरात सोडायची होती, त्यामुळे बहुतेक मुलं आपापली तिकिटं काढून निघूनच गेली. नाशिकच्याने मात्र एक खोलीचं घर घेतलं. मुलगी इथेच रुळली होती, व्हिसा अजून आठ महिन्यांचा होता, नवी नोकरी मिळेल असं त्याला वाटत होतं. शेवटी दाखला आला आणि मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून त्याच्याबरोबर कचेरीत गेले. नंबर लागला. काउंटरवर अर्ध्या चष्म्याचा एक वयस्कर कारकून होता. त्याने कागद वाचला आणि विचारलं, "आपण स्वतःहून नोकरी सोडलीत?" मी ते मराठीत सांगितलं.

"मी कशाला सोडू? काढलं ना मला!"

कारकुनाने कागद आमच्याकडे फिरवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. सोबत कंपनीने जोडलेली त्याच्या हाताच्या पत्राची झेरॉक्स.

"काय लिहिलंय?" नाशिकच्याने मला विचारलं.

"वैयक्तिक कारणास्तव."

"कोणाच्या?"

"तुझ्या," मी म्हणाले.

ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "तू तर फॉर्मॅलिटी म्हणाली होतीस." कारकुनाला मराठी कळत नव्हतं, पण काय घडलं ते त्याला कळलं असावं. तो भला माणूस होता. त्याने सावकाश, मला नीट समजेल असं सांगितलं, की दाखल्यावरचं कारण मान्य नसेल तर हरकत घेता येते, आम्ही कंपनीकडे चौकशी करू, फक्त काहीतरी पुरावा आणा. ईमेल असेल तर ईमेल. नसेल तर त्या वेळी हजर असलेल्या कुणाचं लेखी निवेदन. ईमेल नव्हता, एचआरने सगळं तोंडी केलं होतं. बाहेर सायकली लावतात तिथे उभं राहून तो म्हणाला, "तू लिहून देशील ना? तिथे तूच होतीस. बोललीसही तूच." मी म्हणाले, "देते ना. या आठवड्यात देते."

दिलं नाही, बाई.

मला कुणी धमकी दिली नव्हती. एचआरवाला त्या दिवसांत जिन्यात भेटला तर नेहमीसारखा वाकायचा. माझ्यावर कुणी अवलंबून नव्हतं. घरी पैसे पाठवावे लागत नव्हते. चार महिन्यांनी माझ्या व्हिसाला कंपनीचं पत्र लागणार होतं, एवढंच. निवेदन म्हणजे अर्ध्या पानाचं काम. दोनदा लिहायला घेतलं, दोन्ही वेळा 'मी असं सांगितलं' या वाक्यापाशी थांबले आणि उठून कपडे वाळत घातले. त्याचा फोन आला की म्हणायचे, "बघते. जरा कामात आहे. करतेच." एका रविवारी त्याची बायको आली. मुलगी तिचा हात ओढत जपानीत घरी चल म्हणत होती. ती आत आली नाही, उंबऱ्यातच उभी. "ताई, तुम्हाला त्रास होणार असेल तर राहू द्या. आमचं काही म्हणणं नाही. फक्त नाही म्हणून सांगा, म्हणजे आम्ही तिकिटं बघतो. वाट बघण्यात पैसे संपताहेत." इतकं सोपं करून दिलं होतं तिने. एक शब्द मागत होती. आणि मी तिला गोड हसून म्हणाले, "अगं नाही कसं म्हणेन? या आठवड्यात नक्की."

महिन्याभराने ते गेले. मोठा कचरा टाकायचा तर इथे आधी फोन करून पैसे भरून त्यावर चिठ्ठी चिकटवावी लागते. मी मदतीला गेले होते, निर्लज्जासारखी. टेबल, मुलीची छोटी खुर्ची, कपड्यांचा रॅक खाली उतरवायला हात लावला आणि चिठ्ठ्या चिकटवल्या. तो माझ्याशी नीट बोलला. "सांभाळून राहा," म्हणाला. त्याच्या जागी मी असते तर थुंकले असते.

पुढच्या वर्षी माझी पाळी आली. तीच मीटिंग रूम, तशीच बाटली, तोच नमुना. या वेळी समोर मी एकटी. मी पेनला हात लावला नाही. तुम्ही शिकवलेल्या सगळ्यात आदरार्थी जपानीत म्हणाले, "माझी कोणतीही वैयक्तिक कारणं नाहीत. आपण मला काढत आहात. तसंच लिहावं." एचआरवाल्याने नमुना उचलून फायलीत परत ठेवला आणि तो म्हणाला, "ठीक आहे." एवढंच लागत होतं, बाई. एक मिनिट. दहा दिवसांत माझा दाखला घरी आला, त्यावर योग्य चौकटीत खूण. कचेरीत तोच अर्ध्या चष्म्याचा कारकून निघाला. त्याने मला ओळखलं. माझे कागद बघून झाल्यावर म्हणाला, "त्या वेळी आपल्याबरोबर आलेले गृहस्थ? त्यांच्यासाठी कुणाचं निवेदन आलं नाही आमच्याकडे." मी म्हणाले, "ते मायदेशी गेले." तो "असं का" म्हणाला आणि शिक्का मारला. माझा भत्ता वेळेवर सुरू झाला आणि शेवटपर्यंत मिळाला. त्या पैशांनी मी भाजी आणली, भाडं भरलं, एक कोटही घेतला. तो कोट मला दोन हिवाळ्यांपुढे अंगावर ठेवता आला नाही, पण फेकलाही नाही.

नंतर ओसाकात नोकरी लागली. रुजू होण्याआधी मी पुण्याला आले आणि तुम्हाला भेटायला आले. तुम्ही पलंगावर होतात, आवाज बारीक झाला होता. मी तुम्हाला माझी हकिगत सांगितली, फक्त माझी. पेनला हात कसा लावला नाही, काय म्हणाले, कोणतं क्रियापद वापरलं. तुम्ही खुश झालात. "माझ्या विद्यार्थिनीला कागद वाचता येतो," असं सुनेला हाक मारून सांगितलंत. कपाटातून तुमचा कांजीकोश काढायला लावलात, सेंदाईत घेतलेला, खाकी कव्हर घातलेला. मी नको नको म्हणाले आणि घेतला. दोन महिन्यांनी तुम्ही गेल्याचं कळलं. त्यालाही आता फार वर्षं झाली. तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही तो परत मागितला असता की नाही, हे मी अनेकदा ठरवायचा प्रयत्न केला. तुम्ही मागितला असता.

तो नाशिकला आहे. दुसऱ्या कुणाकडून कळलं, नंबरही मिळाला. मुलगी कॉलेजात जाते, जपानी पार विसरली म्हणे. हे पत्र मी आधी त्यालाच लिहायला बसले होते, तीन वेळा. पुढे जाईना. मग वर 'बाई' असं लिहिलं आणि सगळं भराभर उतरलं. तो उत्तर देऊ शकतो, तुम्ही देणार नाही, म्हणून.