पंख्यावरचं नाव

प्रिय वामनदादा,

तू जाऊन चार महिने झाले आणि तुला पत्र मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे. तू होतास तेव्हा कधी गरजच पडली नाही. कोराडीहून कामठी ती केवढी? मनात काही आलं की बसमध्ये बसायचं आणि तुझ्या ओसरीवर येऊन ओकून टाकायचं. आता तिथं वहिनी एकटी असते, आणि जे सांगायचं आहे ते तुलाच सांगायचं आहे. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सांभाळून घे.

गेल्या रविवारी मी नागपूरला जाऊन मंदाचं घर पाहून आले. लेकीचं घर आई नव्यानं काय पाहणार, असं कुणीही म्हणेल. पण मी तुझ्यासारखं पाहिलं, कुत्रं द्यायच्या आधी तू पाहायचास तसं.

लष्करी छावणीतल्या ज्या साहेबांची अल्सेशन कुत्री तू शेवटपर्यंत सांभाळलीस, तिला पाच पिल्लं झाली. साहेबांनी वहिनीला विचारलं, वामन नाही तर आता घरं कोण शोधणार? वहिनीनं माझं नाव सांगून टाकलं. मला विचारायचीही तसदी घेतली नाही. चार पिल्लं मार्गी लागली. पाचवं मंदानं मागितलं.

तुझी रीत साऱ्या कामठीला ठाऊक होती. साहेबांच्या बदल्या झाल्या की मागे राहिलेली कुत्री, त्यांची पिल्लं, सगळ्यांना घरं तूच लावून द्यायचास. मुलगी द्यावी तसं आधी घर पाहायचं. लोक खुर्ची पुढे करायचे आणि तू जमिनीवर बसायचास. "कुत्र्याले खालूनच दिसते सारं. मले भी खालूनच पाहू द्या." मग चहा पिता पिता एकेक प्रश्न. दिवसभर घरी कोण असतं? सकाळी फिरवणार कोण? आधी कधी कुत्रं पाळलंय का? मे महिन्यात नवतपा लागला, ते नऊ दिवसांचं भाजून काढणारं ऊन सुरू झालं, की त्याला कुठं ठेवाल?

एक दुकानदार वैतागून म्हणाला होता, "वामनराव, कुत्रं देऊन राहिले का पोरगी?"

तू बशीतला चहा संपवलास आणि म्हणालास, "पोरगी माहेरी येऊन सांगते तरी, सासरी काय तरास आहे तं. कुत्रं कोणाले सांगन गा?"

ज्यानं कधी कुत्रं पाळलं नाही त्याला तू अल्सेशन देत नव्हतास. "पयले लॅब्राडोर सांभाळ. थे चुका माफ करते. अल्सेशन चुका पाठ करते." रिटायर झालेल्या गुरुजींना डॉबरमन हवा होता, चोर घाबरावेत म्हणून. तू त्यांचे गुडघे पाहिलेस आणि त्यांच्या हातात आखूड पायांचं डॅशहुंड दिलंस. "गुरुजी, डॉबरमन तुमाले फिरवन, तुमी त्याले नाही." गुरुजी आठ दिवस रागावले. नंतर कितीतरी वर्षं ते आणि ते लांबुळकं कुत्रं एकाच चालीनं बाजारात जाताना दिसायचे.

इतका कडक तू. मग बारा वर्षांपूर्वी मला शेरू कसा काय दिलास?

मी मागितला, हे खरं आहे. मंदाच्या बाबांना वीजकेंद्राच्या कॉलनीत नुकतंच क्वार्टर मिळालं होतं, दोन खोल्यांचं. इंजिनियरसाहेबांच्या फाटकात अल्सेशन बसायचा, ते पाहून माझ्याही डोक्यात शिरलं. तू म्हणालास, "तुले एक चांगलं गावठी आणून देतो." मला ते लागलं. "काहून गा दादा, साहेबाच्या घरी अल्सेशन आन् बहिणीच्या घरी गावठी?"

तू हसला नाहीस. म्हणालास, "येतो मंग घर पाह्याले."

दिवाळी होऊन गेली होती. तू येणार म्हणून मी काय काय केलं, ते आज लिहिते. मी दहा ते पाच शिवणकेंद्रात जायचे. त्या दिवशी गेले नाही. मंदाच्या बाबांची पाळी होती, ते कामावर होते. आमच्याकडे पंखा नव्हता. शेजारच्या कुसुमबाईला लग्नात टेबलफॅन मिळाला होता, थंडीत तो तिला काही लागत नव्हता, तो मी उचलून आणला. मुलगी दाखवताना शेजारणीच्या पाटल्या घालून बसवतात ना, त्यातलाच प्रकार. पंख्याच्या बुडाशी लाल रंगात लिहिलेलं होतं, 'सौ. कुसुमला मामांकडून सप्रेम भेट'. त्यावर मी क्रोशाचा रुमाल टाकला.

तू आलास, खाली बसलास. "दिवसभर घरी कोन रायते वं?"

"मी आहो ना."

"आन् उनाळ्यात?"

"हा काय पंखा," म्हणून मी बटन दाबलं. थंडीत. तू शाल गुंडाळून बसलेला आणि मी तुला वारा घालते आहे. तू पंख्याकडे पाहिलंस, बराच वेळ पाहिलंस, आणि म्हणालास, "बंद कर, सर्दी होईन."

पुढच्या आठवड्यात शेरू आला.

त्याचं काय झालं हे तुला माहीतच आहे, पण माझ्या तोंडून कधी ऐकलं नाहीस. पिल्लू होता तोवर गंमत होती. होळीपर्यंत तो माझ्या कमरेला लागला. त्याला काहीतरी काम हवं होतं, धावायला जागा हवी होती, आणि आम्ही त्याला मागच्या खोलीत कोंडून सात-सात तास बाहेर. त्यानं दाराची चौकट कुरतडली. तो रडायचा ते कुसुमबाई ऐकायची, मला सांगायची, आणि मीच तिच्यावर चिडायचे. पंखा तर केव्हाच तिच्या घरी परत गेला होता.

नवतपा लागला त्या दिवशी कुसुमबाई धावत शिवणकेंद्रात आली. "शांताबाई, तुया कुत्रा रडत नाही आहे."

पाण्याचं घमेलं उपडं पडलं होतं. शेरू फरशीवर आडवा, जीभ बाहेर, डोळे उघडे आणि मला पाहूनही शेपूट हलत नव्हती. आम्ही दोघींनी ओलं पोतं करून त्याच्या अंगावर टाकलं, कुसुमबाईनं तोच पंखा आणून लावला. अंधार पडेपर्यंत बसलो तेव्हा त्यानं मान उचलली.

दुसऱ्या दिवशी तू आलास. त्याच्या हिरड्या पाहिल्यास, पायांना हात लावून पाहिलास, आणि त्याची दोरी हातात घेतलीस. मी वाट पाहत होते, आता हा विचारेल, शांते, पंखा कुठी गेला वं? तू विचारलं नाहीस. पारशिवनीकडच्या संत्र्याच्या बागेत, तिथं मळ्यातच राहणाऱ्या बागवाल्याकडे तू त्याला नेऊन सोडलंस. पुढे दोन वर्षांनी मी गेले होते तर तो बांधावरून धावत आला, माझा हात हुंगला, ओळख दिली आणि परत आपल्या राखणीला गेला. म्हातारा होऊन तिथंच गेला, तेही तूच सांगितलंस.

दादा विसरला, अशी मी बारा वर्षं मनाची समजूत घातली. मंदाला सांगितलं, शेरूला मोकळी जागा हवी होती म्हणून मामानं नेला.

आणि गेल्या शनिवारी, मंदाचं घर पाहायला निघण्याच्या आदल्या दिवशी, वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्याईले ठाऊक होतं वं. पंख्याच्या हवेनं रुमाल उडाला, नाव वाचलं त्याईनं. घरी येऊन म्हने, शांतीनं लोकाचा पंखा लावला. मी म्हनलं, मंग नका देऊ. तं म्हने, एकच बहीण आहे."

दादा, तुला ठाऊक होतं? गुरुजींना तोंडावर सांगितलंस, दुकानदाराला सांगितलंस, आणि मलाच का नाही? मी चार दिवस रुसले असते. वर्षभर रुसले असते. शेरू त्या फरशीवर तरी पडला नसता. चूक माझी, ती मी तुझ्या गळ्यात घालत नाही. पण तुझ्या लाडाचं बिल त्या मुक्या जनावरानं भरलं, एवढं मला तुला सांगायचं होतं.

हे डोक्यात घेऊन मी मंदाच्या घरी गेले. दुसरा मजला, जावई बँकेत, ती शाळेत. मंदानं खुर्ची दिली. मी खाली बसले.

"आई, हे काय नाटक?"

"दिवसभर घरी कोन रायते?"

"आत्या असतात ना," म्हणून तिनं खाटेवर बसलेल्या सासूबाईंकडे बोट दाखवलं. विहीणबाईही मान हलवून मोकळ्या झाल्या. पण मी खाली बसले होते. खाटेखाली विहीणबाईंची वळकटी होती, दोरीनं जशी बांधून आणली तशीच, गाठसुद्धा सोडलेली नव्हती.

"विहीणबाई, किती दिवस मुक्काम?"

त्यांना हसू आवरेना. "उद्या सकाळच्या गाडीनं चालली गावाले. मले तं म्हने, फक्त इतवारपुरतं बसा."

मंदा लाल झाली. मी म्हटलं, "मंदे, अल्सेशन तुले भेटत नाही."

"मामानं तं तुले देल्लं होतं."

"म्हनूनच तुले देत नाही." आणि मग पंख्याची सगळी गोष्ट तिला सांगितली, विहिणीच्या देखत. चार घोट चहा होता कपात, तो गार झाला.

मी तिला आमच्या कॉलनीतल्या काळी नावाच्या गावठी कुत्रीबद्दल सांगितलं. वयानं पोक्त, दिवसभर सावलीला झोपणारी, सकाळ-संध्याकाळ एक फेरी मिळाली की खूश, आणि या उन्हातच जन्मलेली. तर मंदा काय म्हणाली असेल? "लोकाइले अल्सेशन आन् पोटच्या पोरीले गावठी?"

अगदी माझाच आवाज. तुझ्यासारखीच मीही हसले नाही.

पाचवं पिल्लू पारशिवनीच्या त्याच बागेत गेलं. बागवाला मळ्यातच असतो, शेरूला त्यानं दहा वर्षं सांभाळलं, त्याला विचारायला नवं काही नव्हतं. तरीही मी त्याच्या झोपडीत खाली बसून घेतलं.

काल मंदा कोराडीला आली होती. माझ्याकडे न पाहता मागच्या अंगणात गेली आणि काळीशेजारी बसली. तासभर तिच्याशी बोलत होती. माझ्याशी अजून बोललेली नाही.

आता कुत्र्यांना घरं लावून द्यायचे निरोप वहिनीकडे येतात आणि ती ते माझ्याकडे पाठवते. मी जाईन, दादा. गुडघे आहेत तोवर खालीच बसेन. पंखा असला तर त्याच्या बुडाचं नाव वाचीन, आणि वाचलं की गिळून टाकणार नाही, तोंडावर सांगेन. समोर परका असो, मंदा असो, नाहीतर तुझी एकुलती एक बहीण असो.

तुझी,
शांती