नाताळापर्यंतचं वचन

१४ जानेवारी, रविवार

आज माझं नाव घेतलं! एवढ्या माणसांत — माझं!

औंढा रोडच्या मंगल कार्यालयात आता आमची उपासना असते. दिवे बंद, निळा उजेड, पायाशी धूर. ड्रम कानात नाही, छातीत वाजतो. पास्टरांच्या पत्नी, ऐश्वर्यावहिनी, डोळे मिटून कीबोर्ड वाजवत होत्या. पास्टर गाता गाता थांबले, माझ्याकडं बोट केलं.

"मंजुषाताई, प्रभू मला सांगून राहिला — येत्या नाताळापर्यंत तुमच्या मांडीवर लेकरू असंल!"

मी पडले. कुणी ढकललं नाही. पाण्यात खोल खोल जावं, पण श्वास चालूच — तसं. अंग ऊन ऊन झालं. भागवतशी लग्नाला नऊ वर्षं झाली, आज पहिल्यांदा पोट रिकामं वाटलं नाही.

२० जानेवारी

रविवारच्या माझ्या रडण्याची रील निघाली. मागं गाणं लावलंय. भागवतच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गिऱ्हाइकानंच त्याला दाखवली. घरी येऊन म्हणाला, "तू रडून राहिलीस अन् लोकं खाली लाल बदाम टाकून राहिलेत." जेवला नाही नीट.

मी मात्र ती पुन्हा पुन्हा बघते. ती बाई किती सुखात आहे!

७ फेब्रुवारी, बुधवार

वैजनाथ मास्तरांच्या ओसरीवर गेले. आमच्या जुन्या मंडळीत, जुन्या चर्चमध्ये, त्यांनीच आम्हाला शिकवलं. आता दर बुधवारी पाच-सहा म्हातारी माणसं जमतात, बायबलातली एकेक ओवी सावकाश वाचतात. ना ढोलक, ना पेटी. मी वचनाचं सांगितलं. मास्तर चष्मा पुसत राहिले.

"हे कुठं लिवलंय, पोरी?"

"लिहिलेलं नाही. मला जाणवलं, मास्तर!"

"जाणवलं असंल की. ऊन बी जाणवतं, ताप बी जाणवतो. अंग दोन्हीनं तापतं. मंग कोणतं काय, ते कसं वळखायचं? जे लिवलंय, त्याच्याशी लावून पाहावं लागतं. माइकवर बोललेलं समदं देवाच्या नावावर घालू नये."

चहा तसाच ठेवून उठले. ह्या म्हाताऱ्याला माझं लेकरू बघवत नाही!

११ मार्च

गावभर हळद शिजल्याचा वास. दुपारी शिवणाच्या मशीनवरच डोळा लागला. स्वप्नात अंगणभर हळद वाळत घातलेली, तिच्यावरून एक लेकरू चालत येतंय — पिवळे तळवे, ओले केस. मला "आई" म्हणालं नाही. नुसतं हसलं. उठले तर हातात कुणाच्या तरी ब्लाउजची बाही. दिवसभर ती बाही एवढुशी वाटत राहिली.

६ जून

दिवस वर गेलेत. कुणाला सांगितलं नाही. चालतानाही हळू चालते.

९ जून

आली.

१५ सप्टेंबर, रविवार

पास्टरांना भेटले. वाईट बोलले नाहीत, डोळे भरून आले त्यांचे. पण म्हणाले, "वचन बराबर आहे, ताई. विश्वास कुठं कमी पडून राहिला, ते पाहा. उपास धरा. दवाखान्यात गेलात, तर त्याच्यावर भरवसा न्हाई असं व्हईल."

भागवतनं नांदेडच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतलेली. मी नाही म्हटलं. तो ओरडला नाही. "लेकरू मलाबी पाहिजे, मंजू," एवढंच म्हणाला, आणि गाडी पुसायला गेला. पुसलेलीच होती.

२७ सप्टेंबर

उपासात चक्कर आली. मशीनच्या कडेला कपाळ लागलं, टाके पडले. हेही पडणंच. पण ह्यात निळा उजेड नव्हता, ऊब नव्हती. फरशी होती. आणि भागवतचा आवाज — "काहून असं करून राहिलीस गं?"

२५ डिसेंबर

नाताळ. मांडीवर साडीच्या निऱ्या.

संध्याकाळी पायच मास्तरांकडं वळले. मी सांगितलं होतं ना, असं ते म्हणाले नाहीत. खुर्ची सरकवली, केक दिला. मी विचारलं, मग देव माझ्याशी बोललाच नाही का? त्यांनी बायबल उघडलं.

"लेकराचं वचन त्यानं तुला दिलंच नव्हतं. तुला सोडणार न्हाई, हे मातर दिलंय. ते लिवलेलं आहे. त्याला विश्वास मोजायचा ताजवा लागत न्हाई."

मग वाचत बसले. मी ऐकत बसले. अंग तापलं नाही, काहीच झालं नाही. पण घरी येताना रस्ता पायाखाली नीट लागत होता. भागवतला म्हटलं, नांदेडला जाऊ. त्यानं नुसतं माझं डोकं कुरवाळलं.

२९ डिसेंबर, रविवार

उपासनेत साक्ष द्यायला, देवाचा अनुभव माइकवर सांगायला, उठले.

"नाताळ झाला. लेकरू झालं न्हाई. देव खोटं बोलला न्हाई — हे तो बोललाच नव्हता!"

ड्रम थांबला. कुणीतरी "बस खाली!" म्हणालं. पास्टर पांढरे पडले. वाजव, वाजव, असं ऐश्वर्यावहिनींना खुणावत राहिले. कीबोर्ड वाजला नाही. मग माइकच बंद झाला. धूर मात्र येतच होता.

३१ डिसेंबर

दुपारी ऐश्वर्यावहिनी आल्या, एकट्याच. मला वाटलं भांडायला. दारातच उभ्या राहिल्या.

"ताई, हेच लेकराचं वचन त्यांनी आधी मला दिलं व्हतं. आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी." मग हळू आवाजात — "अजून रोज पहाटे माझ्या पोटावर हात ठिवून रडतेत. ... नांदेडला मी बी येऊ का तुमच्यासंगं?"