दादाच्या छातीचा फोटो

दि. ३ जून

चि. ठमीस दादाचे अनेक आशीर्वाद.

नमनाला घडाभर तेल घालत नाही. छातीचा फोटो काढला, तो सोबत पाठवतोय. इथला तरुण डॉक्टर म्हणतो, फुप्फुसातून हवा बाहेर येऊन ते आक्रसलंय, पुढच्या आठवड्यात बरगड्यांतून नळी घालावी लागेल. माझी धाकटी बहीण पंचवीस वर्षं लोकांचे एक्स-रे काढतेय, मग घरचा वैद्य सोडून परक्याचं का ऐकू? फोनवर दोन वाक्यांत दम लागतो, म्हणून पत्र.

लोभ असेलच, अधूनमधून तो कागदावर उतरू दे.

दादा


दि. ७ जून

ती. दादास शि. सा. नमस्कार.

फोटो मिळाल्या मिळाल्या दिव्यावर लावला. एक्स-रेत हवा काळी दिसते, आणि तुझी दोन्ही फुप्फुसं नको तितकी काळी आहेत. ती इतकी फुगलीत की खालचा घुमटासारखा पडदा सपाट झालाय आणि मधलं हृदय चिंचोळं दिसतंय. छापखान्यातल्या नोकरीत फुंकलेल्या सिगारेटींचं हे फळ. तेव्हा सांगायला गेले की मलाच दटावायचास.

उजवीकडचा मोठा काळा भाग मात्र वेगळा वाटतो. फुप्फुस आक्रसलं असतं तर त्याची कड बरगड्यांना धरून गेली असती. इथे ती वाटीसारखी उलटी वळलीय, आत बारीक धागेही आहेत. हा फुप्फुसातलाच पातळ कातडीचा फुगा असावा. त्यात नळी खुपसली तर तो फुटेल, दादा. मी डॉक्टर नाही, पण सीटी स्कॅन झाल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नकोस. उंटावरून शेळ्या हाकते म्हण हवं तर. उद्याच तुझ्या डॉक्टरांना फोन करतेय. मला भीती वाटतेय.

जप, आणि माया राहू दे.

ठमी


दि. ११ जून

चि. ठमीस अ. आ.

तुझा फोन आल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. चोरी पकडली गेली. सीटी मे महिन्यातच झाला, आणि तू म्हणतेस तसा फुगाच निघाला. नळीची शंका त्याच दिवशी मिटली होती. आता तोंडाने औषधाचा फवारा ओढायचा आणि सिगारेट सोडायची. सोडलीय.

तुझी वहिनी गेल्यापासून तुला सहा पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, चार ओळींचं. तू कामात असतेस, ठाऊक आहे. पण इथे दिवसचे दिवस तोंडातून शब्द निघत नाही. वाटलं, ठमी दादाला विसरेल, एक्स-रेला नाही विसरणार. आठवडाभरात दोन पानं आली. तीनदा वाचली.

रागावली असलीस तर तसं लिहून कळव.

दादा


दि. १५ जून

ती. दादास शि. सा. न.

राग आला, दोन दिवस टिकला. मग फोटो पुन्हा दिव्यावर लावला. कड, फुगा, धागे, सगळं मी पाहिलं होतं. कोपऱ्यात छापलेलं तुझं वय तेवढं पाहिलं नव्हतं. एकाहत्तर. मी तुला अजून साठीचाच धरून चालले होते. माझं चुकलं.

शनिवारी येतेय, आठ दिवस राहीन. दम लागला की थांब, मग पुढे बोल. मला कसलीही घाई नाही.

तुझीच,
ठमी