नवीन तेवढंच

सोमवार, ३ मार्च
खाणीच्या कॅम्पवरचे तीस कॉम्प्युटर सकाळी नऊला एकदम उठतात आणि कोणतं सॉफ्टवेअर कितव्या आवृत्तीला पोचलं याची अख्खी यादी उतरवत बसतात. तीसही जण तीच यादी! कालच्यात बदल काय, तर चार ओळी. इंटरनेटची लाइन आधीच सुतळीएवढी. घरी फोन लावला तर आवाज तुकड्यातुकड्यांनी. बाबा आजारी आहेत आणि मला ऐकू येतं फक्त "बा... ता... गोळ्या..."

मंगळवार, ४ मार्च
व्यवस्थापकांना सांगून पाहिलं. म्हणाले, "यादी रोज ताजी हवी." ताजं हवं तर भाजी आणा.

गुरुवार, ६ मार्च
जमलं! आता एकच कॉम्प्युटर बाहेर जातो, कालपासूनचा फरक तेवढा आणतो आणि जुन्या यादीला जोडतो. बाकीचे एकोणतीस त्याच्याकडून घेतात. तासाचं काम मिनिटावर.
खाणीची मापं घेणारा मोजणीवाला संध्याकाळी बायकोशी पाऊण तास बोलला. काय म्हणाली, विचारलं. "भांडली. पण आवाज काय स्वच्छ!"

रविवार, ९ मार्च
आईचा रविवारचा फोन. बाबांचा ताप सांगायचा, तर सुरुवात शेजारणीच्या मांजरापासून. मी म्हटलं, "आई, जुनं पुन्हा नको. नवीन तेवढंच सांगत जा." मग म्हणाली, "ताप उतरला." संपलं. मी स्वतःवरच खूश.

रविवार, १६ मार्च
माती खाल्ली. त्या कॉम्प्युटरचा पंखा कुरकुरतो म्हणून सोमवारी बंद केला आणि विसरलो. फरक क्रमानेच जोडावे लागतात, मधला एक नसला की पुढचे सगळे फुकट. आज चालू केला तर मंगळवारचा मिळेना, बाहेर शेवटच्या पाच दिवसांचेच ठेवतात. मग काय, आज तीसही जण अख्खी यादी आणायला बाहेर धावले. दिवसभर लाइन ठप्प, आईचा फोन लागलाच नाही. जाऊ दे, पुढच्या रविवारी बोलू.

गुरुवार, २० मार्च
पंख्याला तेल दिलं. तरी कुरकुर चालूच. व्यवस्थापकांच्या नात्यातला असावा.

रविवार, २३ मार्च
आज आवाज स्वच्छ. आई म्हणाली, "आता डाव्या हाताने जेवायला लागलेत." डाव्या का? "उजवा गेला ना. शुक्रवारी अर्धांगाचा झटका आला, गेल्याच्या गेल्या. मागच्या रविवारी सांगणार होते, तुझा फोनच लागला नाही."
मग आज आधी ते का नाही सांगितलंस?
"ते आता जुनं झालं ना रे."