शिक्षण हा नेमका कुणाचा विषय?

२२ जानेवारी २०१३
चिकलठाण्याच्या महापालिका शाळेत झेंडावंदनाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावणं. विषय: राज्यघटना आणि शिक्षण. मी सातवी नापास, पण आज बत्तीस फ्लॅटचा बिल्डर. लगेच होकार. औरंगपुऱ्यातून घटनेचं पुस्तक आणलं. जाड आहे. दोन दिवसांत संपवणार.

२३ जानेवारी
संपलं नाही. पण मेन पॉइंट सापडला. शिक्षण आधी राज्याचा विषय होता. १९७६च्या दुरुस्तीनं समवर्ती सूचीत गेला. म्हणजे केंद्राचा पण, राज्याचा पण. पार्टनरशिप मी भोगलीय. काम दोघांचं असलं की फोन कुणीच उचलत नाही. हे भाषणात घ्यायचं.
साइटवर टँकर आला. ज्ञानेश्वरीनं पाइप धरला, ड्रम मोजले, ड्रायव्हर बन्सीला दमात घेतलं. सारजाबाईची पोर, नऊ वर्षांची. दुष्काळात मेंढरं विकून सोयगावकडून माझ्याकडं कामाला आलेली माणसं. बन्सी म्हणाला, मालक, सुपरवायझर लई कडक ठेवलीय. पोरीला खाऊला दहा रुपये दिले. माझा स्वभावच तसा.

२४ जानेवारी
कलम २१-क पाठ. सहा ते चौदा, प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीचं शिक्षण. सारजाबाईला मुद्दाम ऐकवलं. म्हणाली, लई चांगलं हाय मालक, पर शाळा अकराला अन् टँकर बी अकराला. मी म्हणालो, हे वरच्या लेव्हलला सुटायला पाहिजे.

२६ जानेवारी, सकाळी १०
भाषण झालं. दिल्लीला झोडलं, मुंबईला झोडलं. टाळ्या. मग हेडबाई आशाबाईंनी बाजूला घेऊन हजेरीपट उघडला. तुमच्या साइटवरची ज्ञानेश्वरी जुलैपासून पटावर आहे. आली नऊ दिवस. दिल्लीला विचारू का मुंबईला?
मी हसलो. बाई हसल्या नाहीत.
संध्याकाळी: सोमवारी पोरीला स्वतः शाळेत पोचवायचं. पक्कं.

२८ जानेवारी
स्लॅब टाकला. आठवडाभर तरी पाणी मारावं लागतं, टेक्निकल गोष्ट आहे. पोर आठवडा थांबू शकते, सिमेंट नाही.

३१ जानेवारी
शाळेवरून दोनदा गाडी नेली. काच वर करून.

५ फेब्रुवारी, दुपारी १
पोचवली. सारजाबाई सोबत. आशाबाईंनी कागद पुढं केला: गैरहजेरीचं कारण लिहून द्या. सारजाबाईला लिहिता येत नाही. पेन माझ्याकडं आलं. मग लिहिलं: घरगुती अडचण.
ज्ञानेश्वरीची गावाकडं दुसरी झालीय. एकेक अक्षर लावत तिनं मोठ्यानं वाचलं. मग विचारलं, मालक, कुणाच्या घरची?
सारजाबाईनं तिला गप केलं.
खोडून दुसरं लिहायला कागदावर जागा होती. मी खाली सही केली.