देव तांदळात

सातारा, रविवार, दिवेलागणीला

सांगलीच्या घराला कुलूप लावून आलो. आई जाऊन महिना झाला, आता तिथं राहणारं कुणी नाही. दोनदा हात धुतले, तरी तांदळाची पांढरी भुकटी नखांत आहेच.

आई आमच्याकडं यायला निघाली की देवघरातले देव तांदळाच्या डब्यात ठेवायची. घर बंद असताना देव उपाशी राहू नयेत म्हणून. झाकण लावताना त्यांना सांगायची, "चार दिवसांत येते. तवर एवढ्यावर भागवा." आणि चौथ्या दिवशी निघायचीच. माझी लेक म्हणायची, आजी, राहा की अजून. "न्हाई गं बाई, देवांना सांगून आलीया." मला राग यायचा. लेकापेक्षा, नातीपेक्षा ते पितळेचे देव मोठे?

आज मीच ते तांदळात ठेवले. इकडं आणले तर रोजची पूजा कोण करणार? माझी श्रद्धा नाही, बायकोला सकाळची शाळा. कारणं खरीच आहेत. मग नखं का कोरत बसलोय?

लेक शेजारी उभी होती. म्हणाली, "पप्पा, आजी यांना काहीतरी सांगायची ना?"

मी झाकण दाबलं आणि म्हणालो, "चार दिवसांत येतो."

तिनं डबा परत उघडला आणि पिशवीत उरलेला सगळा तांदूळ त्यात ओतला.