पाणसळीतला बुडबुडा

३ मार्च
नवं घर एकदम पसंत. स्वयंपाकघराला मोठी खिडकी, मागे बाग. आईने चाकांच्या खुर्चीतून बाग पाहिली आणि म्हणाली, की दोन वर्षं पाय मेलेत, निदान उन्हात तरी ठेवू. मागच्या दाराबाहेर तिच्यासाठी लाकडी ओटा करायचं ठरवलं. सुतारकाम मी हौसेने शिकलोय. आईच्या मते अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालोय.

५ मार्च
ओट्याला आठ खांब हवेत. दोरी लावून आखणी केली, तर नेमक्या त्याच आठ जागी माती भुसभुशीत. कोणीतरी आधीच खणून बुजवलेली. आयतेच खड्डे मिळाले. शेजारचे सुतारकाका कुंपणावरून बजावत होते, की भरावाच्या मातीत खांब उभा करू नकोस, कडक जमीन लागेपर्यंत खण. पहार घालून पाहिली. हातभर गेली, दोन हात गेली, मग हातातून सुटून आत गेलीच. मी खडी-काँक्रीट ओतून मोकळा झालो. आळस, दुसरं काय.

१२ मार्च
सांगाडा झाला, फळ्या ठोकल्या. जमिनीपासून उंची अठरा इंच. सपाटी तपासायला पाणसळ ठेवली, बुडबुडा अगदी मधोमध. आई तासभर उन्हात बसली. आत येताना म्हणाली, की पायांना ऊब लागली. मला रडूच आलं.

१५ मार्च
उंची चौदा इंच. खचला तर एखादा खांब खचेल, ओटा कलेल. आठही सारखे कसे खचतील? बुडबुडा मधोमध. काकांना बोलावलं. त्यांनी वाकून ओट्याखाली पाहिलं आणि तडक घरी निघून गेले.

१७ मार्च
नऊ इंच. आई म्हणते, फटीतून कोणीतरी तळवे चोळतं. हात गार आहेत, पण माया आहे. तिने अंगठा हलवून दाखवला. खरंच हलला. आनंद व्हायला हवा. मला भीती वाटतेय.

१८ मार्च
तीन इंच. आईला आत न्यायला गेलो, खुर्ची हलेना. म्हणते, इतके दिवस तुझ्या जिवावर बसले, आता उभी राहू दे.

१९ मार्च, दुपार
ओटा गवताखाली गेला. आई उभी आहे — माझी आई, स्वतःच्या पायांवर — पण पाय फटीत रुतलेत, फळ्या घोट्यांच्या वर —

फळ्या उचकटायला पहार हवी होती. त्या दिवशी खड्ड्यात गेलेली तीच फटीतून वर आली. धरायचं टोक माझ्याकडे करून — कोणीतरी परत देतंय —

गुडघे दिसत नाहीत. आई हसून हाक मारतेय. वही घेऊनच उतरलोय, तिला एकटीला कशी सोडू — बुडबुडा अजून मधोमध — माझ्या तळव्यांना कोणी